किरिबास बुडेल तेव्हा बुडेल, आधी पाण्याचं बघू

नववीला भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न थोडक्यात असा: "किरिबाटी हा देश विषुववृत्तावर आहे, चोहोबाजूंनी समुद्र, राजधानीत पाऊस जवळपास मुंबईइतका आणि लोकसंख्या एखाद्या तालुक्याएवढी. मग तिथे पिण्याच्या पाण्याची टंचाई कशी? एवढ्या थोड्या लोकांत गर्दी कशी? आणि तो देश खरंच बुडतोय का? मुलं विचारतात, मला नीट सांगता येत नाही."

बाई, माझी सगळी नोकरी विहिरी मोजण्यात गेली. आधी कोकणात, किनाऱ्यालगतच्या मचूळ होत चाललेल्या विहिरी. मग निवृत्तीआधीची दोन वर्षं तारावा बेटावर. त्यामुळे माझं उत्तर पाण्यापासून सुरू होईल आणि पाण्यापाशीच थांबेल. मासेमारीचे करार, समुद्री कायदा वगैरे ज्याचं त्यानं सांगावं.

आधी नाव. पुस्तकात किरिबाटी छापलेलं असलं तरी तिथले लोक 'किरिबास' म्हणतात. त्यांच्या लिपीत 'स' हे अक्षर नाही, 'टी' आणि 'आय' एकत्र आले की स उच्चारायचा. थॉमस गिल्बर्ट नावाचा इंग्रज कप्तान १७८८ साली या बेटांजवळून गेला, त्याच्या नावावरून बेटांना गिल्बर्ट म्हणू लागले. त्या 'गिल्बर्ट्स'चा स्थानिक उच्चार म्हणजे किरिबास. तसंच पूर्वेकडच्या मोठ्या बेटाचं नाव नकाशात 'किरितिमाती' असं काहीतरी दिसतं. ते मोठ्यानं वाचा, ति म्हणजे स धरून. 'ख्रिसमस' ऐकू येईल. कॅप्टन कुक तिथे १७७७च्या नाताळात पोचला होता. मुलांना हे सांगितलंत तर बाकीचा तास सोपा जातो.

देशात ३३ बेटं. तीन गट: पश्चिमेला गिल्बर्ट, मध्ये फीनिक्स, पूर्वेला लाईन. सगळी जमीन मिळून ८११ चौरस किलोमीटर, आणि त्यातली निम्म्याच्या जवळपास (३८८) एकट्या किरिसमस बेटाची. हक्काचा समुद्र मात्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जमिनीपेक्षा जास्त. राजधानी तारावाहून किरिसमसला जायचं तर अंतर सव्वातीन हजार किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून निघून बँकॉकच्या पुढे जाण्यासारखं, आणि तरी देश तोच. देशाच्या मधून वार बदलायचा, म्हणजे इकडे सोमवार असताना तिकडे रविवार, सरकारी कचेऱ्यांना आठवड्यातून चारच दिवस एकमेकांशी बोलता यायचं. म्हणून १९९५च्या सुरुवातीला त्यांनी आंतरराष्ट्रीय वाररेषाच पूर्वेकडे ढकलली. नकाशात ती रेषा जिथे विचित्रपणे कोपर काढते, ते हे.

आता खरा मुद्दा. बनाबा हे एक उंच बेट सोडलं (त्याचा माथा ८१ मीटर) तर बाकीची सगळी कंकणाकृती प्रवाळबेटं किंवा प्रवाळखडकावरची सपाट बेटं. एखादा ज्वालामुखी समुद्रात हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेनं वाढणारं पोवळं मात्र उजेडाच्या ओढीनं वर वर चढत राहतं. शेवटी डोंगर नाहीसा होतो आणि कडं उरतं. डार्विननं १८४२ साली मांडलेली ही गोष्ट आजही टिकून आहे. आपल्या लक्षद्वीपची बेटं याच जातीची, त्यामुळे मुलांना फार लांबचं उदाहरण द्यायला नको. या कड्यावर लाटांनी आणून टाकलेली वाळू आणि प्रवाळाचा चुरा म्हणजे बेट. उंची बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटर. रुंदी इतकी कमी की रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं तर एका कानाला खोल समुद्राची गाज आणि दुसऱ्या कानाला लगूनची, म्हणजे कड्याच्या आतल्या उथळ पाण्याची, चुळबुळ ऐकू येते. नदी नाही, ओढा नाही, डबकं म्हणावं असं गोडं पाणीही सहसा नाही. पाऊस पडतो आणि वाळूत जिरतो.

जिरलेलं पाणी कुठे जातं? आपल्याकडे जांभ्यात किंवा काळ्या पाषाणात विहीर खणताना खाली कातळ लागतो, पाणी कातळावर थबकतं. तिथे कातळ नाही. खाली, सगळ्या बाजूंनी, खारं पाणीच भरलेलं आहे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं, हजाराला एक हजार पंचवीस हा हिशेब, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. मध्ये जाड, कडेला पातळ, भिंगासारखं. नियम ढोबळपणे असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक वीत असेल, तर खाली चाळीस विती गोडं पाणी असतं. ऐकायला हे फार श्रीमंत वाटतं. प्रत्यक्षात भरती-ओहोटी ते भिंग दिवसातून दोनदा ढवळते, खालचा थर मचूळ होतो, आणि वाळूच्या खाली दहा-वीस मीटरवर जुना, पोकळ झालेला चुनखडक लागतो, त्यातून समुद्र मोकळा हिंडतो. तिथे भिंग तुटतं. बेट अडीचशे-तीनशे मीटरपेक्षा अरुंद असेल तर कायमचं भिंग धरतच नाही, पावसाळ्यापुरतं येतं आणि जातं.

मी गेलो त्या पहिल्याच आठवड्यात आपली कोकणी अक्कल पाजळली. म्हटलं, उथळ विहिरींत पाणी कमी पडतंय तर शंभर फूट बोअर मारू. माझ्याबरोबरचा तिथला सहकारी काही बोलला नाही. त्यानं मला एका घराच्या परसात नेलं. विहीर म्हणजे कंबरभर खड्डा, कडेला सिमेंटचं कडं, वर पत्रा. पाणी हात घातला तर लागावं इतकं वर. त्यानं डब्याला दोरी बांधून वरचं पाणी अलगद काढलं, वाहकता मोजायच्या यंत्रात धरलं (पाणी जितकं खारं तितका आकडा मोठा): आकडा सातशे-आठशे. मग शेजारच्या मोजणी-नळीत खोलवर बाटली सोडून खालचं पाणी आणलं. आकडा वीस हजारांवर गेला. समुद्राचा असतो पन्नास हजारांच्या आसपास, आणि तिथे पिण्याला चालेल असं अडीच हजारांपर्यंत धरतात. "शंभर फुटांवर मासे मिळतील," तो म्हणाला. त्या दिवसानंतर मी बोअरचं नाव काढलं नाही. दुपारी त्याच विहिरीवर परत गेलो तेव्हा पाणी चार बोटं चढलेलं होतं. पाऊस नव्हता, कोणी ओतलं नव्हतं. समुद्राला भरती आली होती आणि तिचा धक्का तास-दोन तासांनी परसात पोचला होता.

म्हणून तिथे पाणी खोलातून खेचत नाहीत, आडवं गोळा करतात. जमिनीखाली पाण्याच्या पातळीला भोकं पाडलेले लांबच लांब आडवे नळ टाकतात आणि मधल्या हौदातून हलक्या हातानं उपसतात, साय काढावी तसं. तारावाच्या पूर्व टोकाला बोनरिकी आणि त्याला लागून बुओटा, या दोन ठिकाणी जमीन जरा रुंद आहे, तिथे हे राखीव क्षेत्र आहे. विमानतळाची धावपट्टीही नेमकी बोनरिकीतच, कारण सपाट रुंद जागा विमानालाही तीच लागते. दोन्ही मिळून बिनधोक उपसा दिवसाला सुमारे २० लाख लिटर. आता हे साठेक हजार लोकांत वाटा. माणशी ३३ लिटर, तेही नळ गळत नाहीत असं समजून. ते गळतात.

पावसाचं बोलू. तारावाची सरासरी सुमारे २,००० मिलिमीटर, पण सरासरी हा तिथे फसवा शब्द आहे. एका वर्षी तीन हजारांवर जातो, एका वर्षी हजारालाही पोचत नाही. तापमान मात्र बारा महिने २८ अंशांच्या आसपास, महिन्यामहिन्यांत अंशभराचा फरक. आपल्यासारखे ऋतू नाहीतच, आहेत ती ओली वर्षं आणि कोरडी वर्षं. हे ठरवतं प्रशांत महासागराचं पाणी. पूर्वेकडून विषुववृत्तावरून थंड पाण्याची एक जीभ पश्चिमेकडे येते, तिच्यावर ढग धरत नाहीत. ला निना असताना ती जीभ गिल्बर्ट बेटांपर्यंत लांबते आणि तारावा सुकतं. एल निनो असताना ती मागे हटते, कोमट पाणी येतं, पाऊस धो धो. गंमत अशी की आपलं उलटं. २०१५च्या एल निनोत मराठवाडा करपला, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं. त्याच वेळी किरिबासमध्ये टाक्या भरून वाहत होत्या. आणि २०२२ साली, ला निना सलग तिसऱ्या वर्षी रेंगाळला तेव्हा, जूनमध्ये त्यांच्या सरकारनं दुष्काळाची आपत्ती जाहीर केली. दर खेपेला असं चोख उलट होईलच असं नाही, पण वर्गात फळ्यावर दोन्ही नकाशे शेजारी काढायला हे उदाहरण उत्तम.

त्याच कारणानं उत्तरेकडचं बुटारिटारी हिरवंगार (तीन हजार मिलिमीटरच्या आसपास), आणि त्या थंड जिभेच्या थेट वाटेत असलेलं किरिसमस जवळजवळ रखरखीत, हजारच्या आत-बाहेर. देशातली निम्मी जमीन तिथे असूनही लोक सातेक हजारच का, याचं अर्धं उत्तर या आकड्यात आहे. उरलेलं अर्धं अंतरात. (तिथल्या गावांची नावं लंडन, पोलंड आणि बनाना आहेत. मी थट्टा करत नाही. तिथेच १९५७-५८ला ब्रिटननं आणि १९६२ला अमेरिकेनं अणुचाचण्या केल्या, पण तो वेगळा तास.)

चक्रीवादळं या देशाला सहसा लागत नाहीत. विषुववृत्ताला इतकं चिकटून वाऱ्याला गिरकी घ्यायला बळच मिळत नाही. पण लाटांना ते बंधन नाही. २०१५च्या मार्चमध्ये पाम हे वादळ व्हानुआटूकडे घोंघावत होतं आणि त्याच्या उसळलेल्या लाटांनी शेकडो किलोमीटरवरच्या तमाना आणि अरोराए या दक्षिणेकडच्या किरिबास बेटांची दाणादाण उडवली. अशी लाट बेटावर चढली की घरं तर जातातच, पण समुद्राचं पाणी वाळूतून थेट भिंगात उतरतं. विहीर नासली की ती धुऊन निघायला काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष लागतं, पाऊस किती पडतो त्यावर.

आता बेटावर पिकतं काय, हे थोडं सांगतो, कारण ते सगळं या पाण्यावर उभं आहे आणि कोकणातल्या पोरांना ओळखीचं वाटेल. माड, अर्थातच. माडाची पोय बांधून, कापून रस उतरवतात, अगदी आपल्या नीरेसारखा. ताजा पितात, आटवून काकवीसारखा करतात आणि आंबवला तर माडीच. उतरवणारे पहाटे झाडावर बसून गातात, खाली चालणाऱ्यानं ऐकायचं. नीरफणस आहे. केवड्याचा एक भाऊबंद आहे, त्याचं फळ खातात, पानांच्या चटया आणि छपरं करतात. आणि आहे बबाई: अळूच्या कुळातलं, पण पान माणसाएवढं. त्याच्यासाठी जमीन खणून थेट भूजलापर्यंत खड्डा नेतात, तळाशी चिखल, त्यात रोप. रोपाभोवती केवड्याच्या पानांची टोपली विणून त्यात पालापाचोळ्याचं खत भरत राहतात, वर्षानुवर्षं. मोठा कंद लग्नाकार्याला, मानाच्या पाहुण्याला. पण बबाईची मुळं भिंगाच्या अगदी वरच्या सायीत असतात. पाणी मचूळ झालं की यंत्राच्या आधी पान पिवळं पडून सांगतं. मी दोन वर्षांत एक सवय लावून घेतली होती, गावात शिरलो की आधी बबाईचे खड्डे बघायचे आणि मग यंत्र काढायचं.

तहानेनं बेटं रिकामी होणं ही भविष्यातली गोष्ट नव्हे, ती घडून गेलेली आहे. १९३८ ते १९४० या काळात ब्रिटिशांनी दक्षिण गिल्बर्टमधली दाटी कमी करायला लोकांना फीनिक्स गटातल्या तीन ओसाड बेटांवर वसवलं. पुन्हा पुन्हा दुष्काळ पडले, जहाजं क्वचित यायची, आणि १९६३ पर्यंत त्या सगळ्यांना उचलून सॉलोमन बेटांवर न्यावं लागलं. आज अख्ख्या फीनिक्स गटात कॅन्टन बेटावर मोजून काही डझन माणसं राहतात. बनाबावर भिंगच नाही, ते उंच चुनखडकाचं बेट. दुष्काळात तिथे बाया अंधाऱ्या गुहांत सरपटत जाऊन करवंट्यांमधून पाणी आणायच्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळानं ते बेट जवळजवळ मोकळं केलं होतं. पुढे १९०० सालापासून फॉस्फेटसाठी ते खरवडलं गेलं आणि १९४५मध्ये बहुतेक बनाबावासीयांना फिजीतल्या राबी बेटावर हलवलं. फॉस्फेट संपलं त्याच वर्षी, १२ जुलै १९७९ला, देश स्वतंत्र झाला. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

लोकसंख्येकडे येतो. २०१५च्या जनगणनेत १,१०,१३६ माणसं होती, २०२०ला एक लाख वीस हजारांच्या आसपास. यातली निम्म्याहून अधिक दक्षिण तारावात, म्हणजे एका रस्त्याच्या दोन्ही कडांना. शेवटचं टोक बेशो (लिहितात 'बेटिओ'). १९४३च्या नोव्हेंबरात अमेरिकन आणि जपानी सैन्यांची ती भयानक लढाई झाली ते हेच, जपानी तोफा अजून किनाऱ्यावर गंजत उभ्या आहेत. दीड-पावणेदोन चौरस किलोमीटरवर सतरा-अठरा हजार माणसं. घनता मुंबईहून कमी भरेल, पण मुंबईत माणसं एकावर एक राहतात, इथे सगळं तळमजल्यावर: घर, डुक्करखाना, विहीर, संडास आणि आजोबांची कबर, एकाच परसात.

लोक येतात कशाला? मोठं इस्पितळ इथे, वरच्या इयत्तांच्या शाळा इथे, बंदर इथे, पगार देणारं सरकार इथे. बाहेरच्या बेटावर खोबरं विकून हातात किती येणार? मुलगा शिकायला येतो, मग आई येते, मग बहिणीचं कुटुंब. आणि तिथे 'बुबुती' नावाची रीत आहे: नात्यातल्यानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. जागा मागितली तर जागा. आपल्याकडेही चाळीच्या एका खोलीत गावाकडची चार माणसं सामावत होतीच, त्यामुळे मला हे समजायला जड गेलं नाही. पण चाळीतल्या माणसाचं पाणी सह्याद्रीतल्या तलावातून येत होतं. इथे माणसाचं पाणी त्याच्या पायाखालच्या त्याच वाळूतून येतं ज्यात संडासाचा खड्डा झिरपतो, दहा पावलांवर. १९७७ साली तारावात पटकी पसरली, त्यानंतर गोडं पाणी वाचवायला समुद्राच्या पाण्यानं धुतले जाणारे संडास आणि सांडपाण्याची वाहिनी बांधली गेली. तान्ह्या पोरांचे जुलाब अजून थांबलेले नाहीत. पत्र्याचं छप्पर असेल तर टाकीत पावसाचं पाणी धरता येतं, केवड्याच्या पानांचं असेल तर नाही. त्यामुळे देखणं, थंडगार पारंपरिक घर हे पाण्याच्या हिशेबात तोट्याचं घर ठरतं. मला हे फार खटकायचं. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा मोठा कारखाना दक्षिण तारावासाठी आंतरराष्ट्रीय बँकांच्या पैशातून आखला गेला आहे. एवढ्या गर्दीसाठी दुसरा उपायही मला दिसत नाही, पण ज्या देशाचं डिझेल जहाजानं येतं त्यानं प्यायचं पाणीही यंत्राच्या हवाली करायचं, म्हणजे बिल कोणी भरायचं हा प्रश्न कायमचा मागे लागला.

बुडण्याचं काय? समुद्र वर येतोय, वर्षाला तीन-चार मिलिमीटर, यात वाद नाही. एल निनोत तिथली पातळी तात्पुरती आणखी वीतभर चढते, आणि ती उधाणाच्या भरतीशी जुळली की रस्त्यावर पाणी येतं. फोटो बहुधा तेव्हाचे असतात. पण बेट म्हणजे सिमेंटचा चौथरा नव्हे, वाळूचा ढीग आहे, लाटा एका कडेची वाळू दुसरीकडे नेतात. प्रशांत महासागरातल्या २७ बेटांचे जुने हवाई फोटो आणि नवी चित्रं ताडून २०१०मध्ये एक अभ्यास निघाला. त्यात ८६ टक्के बेटं होती तेवढी किंवा थोडी वाढलेली आढळली. यावरून 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, क्षेत्रफळ टिकणं आणि माणूस टिकणं वेगळं. वाळू सरकून बेट जागा बदलू शकतं, पण त्यावरची विहीर, नळ आणि बबाईचा खड्डा सरकत नाही. शिवाय काही नुकसान समुद्राच्या माथी मारलं जातं, ते माणसाचं असतं. तारावाच्या लगूनमध्ये बिकेमन नावाचं एक छोटं बेट होतं. १९८७ साली बेशो आणि बैरिकी जोडणारा भराव घातला, पाण्याचा आणि वाळूचा जुना रस्ता अडला, आणि बिकेमन वाहून गेलं. पातळी वाढल्यानं ते बुडालं असं मी अनेकदा वाचलं आहे.

सरकारांचे विचारही बदलत राहिले. अनोते टोंग राष्ट्राध्यक्ष असताना २०१४मध्ये फिजीत सुमारे वीस चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली गेली, पुढेमागे लागेल म्हणून. २०१६ला आलेल्या तानेती मामाऊंचा भर आहे ती जमीन उंचावून इथेच राहण्यावर. बाहेरचे लोक या दोघांत एकाला शहाणा आणि एकाला वेडा ठरवतात. मला तसं ठरवता येत नाही. माझ्या सहकाऱ्याला एकदा विचारलं होतं, जाशील का फिजीला? तो म्हणाला, "बबाई कोण बघेल?"

बाई, वर्गात हे दाखवायचं असेल तर एक सोपं साधन सांगतो. पारदर्शक प्लॅस्टिकचा खोल डबा घ्या, त्यात जाड धुतलेली वाळू भरा, एका कडेच्या मधोमध, भिंतीला टेकून उंचवटा करा. पाण्यात भरपूर मीठ आणि खाण्याचा लाल रंग मिसळून ते उंचवट्याच्या पायथ्यापर्यंत ओता. आता झारीनं फक्त उंचवट्यावर साधं पाणी शिंपडत राहा, सावकाश, वीसेक मिनिटं. काठावर वाढलेलं लाल पाणी मधूनमधून वाटीनं काढून टाका. त्या भिंतीतून बघितलं तर लाल रंग खाली ढकलला जाऊन बिनरंगी पाण्याचा एक फुगवटा दिसू लागेल. मग एका मुलाच्या हातात सुईशिवायची इंजेक्शनची पिचकारी आणि बारीक नळी द्या. नळीचं टोक फुगवट्याच्या वरच्या भागात ठेवून आधी अगदी हळू ओढायला सांगा, पाणी स्वच्छ येईल. मग त्याच जागी जोरात ओढायला सांगा, आणि सगळ्यांना नळीच्या खालची वाळू बघायला लावा. लाल रंग खालून सुळक्यासारखा वर चढत येतो.